सीडी तुमची, किल्ली अण्णांची

पेण-रोह्याकडच्या प्रत्येक भाऊबंदकीत एक अण्णा असतात. निवृत्त, नेटके, खिशाला दोन पेनं. वंशावळ, सातबाऱ्याचे स्कॅन, कुलाचाराची यादी, मुंजीचे फोटो, असं घराण्याचं सगळं दप्तर त्यांच्याकडे. कुणीही मागा, अण्णा नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी सीडी हजर. वर कव्हर, कव्हरवर वळणदार अक्षरात तुमचं नाव. फक्त ती उघडत नाही.

हे पेणमध्ये घडावं याची गंमत वाटते. इथे गणपती ओटीवर, अंगणात, रस्त्याच्या कडेला वाळत असतात. हमरापूर-जोह्याकडे तर ताडपत्रीच्या भरवशावर रांगाच्या रांगा, आणि 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालेला माल हा! अण्णांचं स्वतःचं दारही दिवसभर नुसतं लोटलेलं. विरजण मागायला आलेली शेजारीण थेट चुलीपर्यंत जाते. पण पोह्याच्या पापडाचं प्रमाण लिहिलेल्या फाईलला पासवर्ड.

अण्णांचा जीव सीडीवर. पेनड्राइव्ह चार ठिकाणी विटाळून येतो, सीडी सोवळ्यात राहते, असं त्यांचं मत. एकदा लिहिलेली सीडी-आर पुसता येत नाही हे खरंच. पण मग चुकीचं कुलूपही जन्माचं लागतं. आधी त्यांना वाटे, कुलूप सीडीलाच बसतं. तसं नसतं, आधी फाईल बंद करायची आणि मग ती सीडीवर चढवायची, हे पुतण्याने समजावलं. तेव्हापासून विनरार. त्याची 40 दिवसांची फुकट मुदत संपून कैक वर्षं लोटली. ते येता-जाता पैशांची आठवण करतं, अण्णा ‘बघू’ म्हणून खिडकी मिटतात.

या विनरारमध्ये फाईलींची नावंही झाकायची एक चौकट असते. तिच्यावर खूण केली नाही, तर आतला मजकूर दिसत नाही, नाव मात्र ठळक दिसतं. पुतण्या नेमकं तेवढंच सांगायला विसरला. रोह्याला दाजींनी जुन्या कॉम्प्युटरात सीडी घातली आणि पडद्यावर ओळ आली : ‘ताईचं हक्कसोडपत्र – अंतिम – दाजींना दाखवू नये’.

दाजी धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा वाटा मुलाइतकाच, हे त्यांना पाठ. त्यांनी चष्मा पुसला आणि फोन लावला.

“अण्णा, सीडी उघडत नाही.”

“पासवर्ड काय टाकलात?”

“तुम्ही दिलात कुठे?”

“फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती? मीच येतो.”

खरं तर अण्णांचा पासवर्ड निम्म्या तालुक्याला ठाऊक आहे. ई-आधारच्या फाईलला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल लागतं. ही युक्ती सरकारने आपल्याकडून उचलली असा अण्णांना संशय आहे. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर आहे आणि जन्मसाल साठीच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं.

दिवा-रोहा गाडीने अण्णा आले. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात. अण्णांची तेवढी अपेक्षा नव्हती, पण दाजींनी निदान उठून उभं राहावं! दाजी बसूनच म्हणाले, “रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. देशाची तिजोरी सांभाळली त्यांनी, पण मेव्हण्यांना भिंतीकडे तोंड करायला लावल्याचं काही ऐकलं नाही.”

कारण अण्णांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं होतं. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी पासवर्ड टाकला. फाईल सुटली. आत पीडीएफ, तिलाही पासवर्ड.

“नेहमीचाच टाका की, अण्णाआजोबा,” भिंतीकडून नातू म्हणाला.

“मला काय एवढा खुळा समजलास? आतल्याला वेगळा ठेवलाय. डायरीत आहे.”

“आणि डायरी?”

“पेणला. कपाटात.”

ताई इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “हक्क सोडायला एवढी कुलपं लागत असतील, तर राहू दे तो माझ्याकडेच. जेवूनच जा हो, अण्णा.”

अण्णा जेवले, शिवाय मुक्कामही केला. दुसऱ्या दिवशी पेणला पोचल्यावर पायही न धुता त्यांनी वहिनींकडून किल्ली मागून कपाट उघडलं, डायरी काढली, पान शोधलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘आतला पासवर्ड – नेहमीचाच’. आणि खाली लाल शाईत, ‘कुणाला सांगू नये’.