मुटका वळायला हवा

माझ्या मेहुणीने पुण्यात नवा फ्लॅट घेतला आणि त्यात बाथटब निघाला. निघाला असंच म्हणायचं, कारण तो कुणी मागितला नव्हता. बिल्डरला देवघरासाठी जागा सापडली नाही, टबासाठी सापडली. दोन्हीकडच्या घराण्यांत बादली-तांब्यापलीकडे कुणाची मजल गेलेली नसल्यामुळे टबाची बातमी नातेवाइकांत फ्लॅटच्या आधी पोचली. श्रावणातला मुहूर्त धरून वास्तुशांत ठरली आणि आमच्या कन्येने जाहीर केलं, मावशीला आपण घरी केलेले बाथबॉम्ब द्यायचे.

"कसले बॉम्ब?" आईने पोथीतून मान वर केली.

"टबात टाकले की फसफसतात, आजी. छान वास सुटतो. मग त्या पाण्यात नुसतं पडून राहायचं."

"आणि आंघोळ कधी करायची?"

वस्तू मूळची इंग्लंडची. डॉर्सेट परगण्यात मो कॉन्स्टंटाइन नावाच्या बाईंनी 1989 साली बागेतल्या शेडमध्ये ती पहिल्यांदा केली. पुढे 'लश' ही कंपनी काढणाऱ्यांत त्याही होत्या. कल्पना सुचली ती पाण्यात फसफसणाऱ्या अल्का-सेल्टझरच्या गोळीवरून. हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. श्रीखंड जास्त झालं की आपण जी फ्रूट सॉल्टची पुडी फोडतो, तिचीच ही नटूनथटून आलेली बहीण. दोघींच्या पोटात तेच दोन पदार्थ: खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व. कोरडे आहेत तोवर शेजारीशेजारी मुकाट बसतात. पाण्याचा थेंब पडला की जुंपते, आणि त्या भांडणाची वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे.

कृती दोन ओळींची. दोन वाट्या सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व, एक वाटी कॉर्नफ्लोअर, चमचाभर तेल, थोडा सुवास. किंचित ओलावून साच्यात दाबायचं. घोडं पेंड खातं ते त्या 'किंचित'पाशी. ओल नसेल तर गोळा वळत नाही, आणि ओल लागली की गोळ्याचं काम तिथेच सुरू होतं.

साचा घरात एकच होता, उकडीच्या भानगडीत पडायचं नसेल तेव्हाचा, खव्याच्या मोदकांचा प्लास्टिकचा. बायकोने गुलाबदाणी काढून दिली. गुलाबपाणी शिंपडलं, मिश्रण कुरकुरलं, तरी आम्ही ते साच्यात कोंबलं. सकाळी पाहतो तर मोदक साच्यातून डोकं काढून बाहेर बघतायत, अंगावर फोड आलेत. दुसऱ्या वेळी पाणीच नको म्हटलं. ते मोदक साच्यातून निघाले आणि हातात येईतो रांगोळी झाले. तिसऱ्या खेपेला मी खोबरेल तेल सढळ हाताने ओतलं. तूप जास्त झालेला बेसनाचा लाडू जसा ताटात बसतो, तसे सगळे मोदक फतकल मारून बसले. एव्हाना किलोभर सोडा संपला होता, आणि वाण्याने मला घरात कुणाचं पोट बिघडलंय का म्हणून विचारलं होतं.

चौथ्या दिवशी आई उठली. परातीत हात घातला, मूठभर पीठ दाबलं आणि म्हणाली, "करंजीला मोहन घालता ना? मग त्याची परीक्षा कशी करता? मुठीत दाबलं की मुटका वळायला हवा आणि टिचकी मारली की तो मोकळा व्हायला हवा. ह्याचंही तेच."

आम्ही गप्प. इतक्या व्हिडिओंत 'ओल्या वाळूसारखं' यापलीकडे कुणी गेलं नव्हतं, आणि डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर वाळू कुठून आणायची?

पाण्याच्या जागी कन्येने इंजेक्शनच्या आधी लावतात ते स्पिरिट बारीक फवाऱ्याने मारलं. त्याने भांडण लागत नाही आणि ते उडूनही जातं. आई दर दोन फवाऱ्यांनी मुटका वळून बघत होती. "पुरे," ती म्हणाली, तेव्हा मला अजून चार फवारे हवे होते. खरं तर तिथेच थांबायचं असतं. पीठ हातांना कोरडं वाटतं आणि तरी मुटका होतो, तो क्षण माझ्या हाताला अजून कळलेला नाही.

मग वाळवण्याचा प्रश्न. 'रात्रभर उघड्यावर ठेवा' हे लिहिणाऱ्याने श्रावणातली डोंबिवली पाहिलेली नाही. इथे मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात आणि तळलेला पापड ताटापर्यंत पोचेतो मान टाकतो. हवाच हळूहळू फवारा मारत असते. एसी खोलीतली दमट हवा सुकवतो, म्हणून घरातली एकुलती एक एसीची खोली चोवीस मोदकांना मिळाली आणि आम्ही चौघं हॉलमध्ये पंख्याखाली निजलो.

सकाळी मोदक खणखणीत होते. कळ्यांसकट. इतके हुबेहूब, की मी चहाबरोबर एक उचललाही होता. वाचलो तो वासामुळे.

चकलीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह त्यांची रवानगी झाली. खंडाळ्याच्या घाटात धुकं खिडकीशी आलं तशी कन्येने काच ओढून घेतली. पलीकडच्या काकूंनी "उकडतंय गं" म्हटलं, पण तिने ऐकलं नाही.

मेहुणीकडे पोचताच आधी टब पाहायला गेलो. टब काठोकाठ भरलेला, वर एक स्टीलचा तांब्या तरंगतोय.

"पाणी सकाळी तासभरच येतं," मेहुणी म्हणाली, "मग टँकर. टब आहे म्हणून निभतंय बाई." कन्येने डबा उघडलेला पाहून ती पुढे झाली. "अगंबाई, मोदक! पण त्यात काही सांडू नका हं, ते भांड्यांचं पाणी आहे."

कन्येने तिला समजावून सांगितलं. मावशीने टबाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

आईने तेवढ्यात एक मोदक उचलून त्याला टिचकी मारली. काही झालं नाही. तिने तो परत जागेवर ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

"चांगले घट्ट आहेत," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत टिकतील."