पंचाक्षरी गृहस्थ

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके असून, त्या पाचांतही कुठे निवृत्त मास्तर म्हणून, कुठे आडतीवरचा मुनीम म्हणून, तर कुठे नुसताच रिकामटेकडा म्हणून एक गृहस्थ हमखास आढळतो. त्याला सोयीसाठी पंचाक्षरी गृहस्थ म्हणावे. भूत उतरवणाऱ्या पंचाक्षऱ्याशी त्याचे नाते नाही, आणि तो श्रावणात औंढ्याला जात असला तरी शिवाच्या पंचाक्षरी मंत्राशीही त्याचा संबंध बेताचाच असतो. इंग्रजीतले मोजून पाच अक्षरांचे शब्द, त्यांतही अमुक अक्षर दुसरे आणि तमुक अक्षर शेवटचे असलेले, हुडकून काढणे हाच त्याचा व्यासंग होय.

या व्यासंगाला अलीकडे प्रतिष्ठा मिळाली ती वर्डल या खेळामुळे. मूळच्या वेल्समधल्या, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉश वॉर्डल या अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुला केला, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. दडवलेला पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. अक्षर जागच्या जागी असेल तर चौकट हिरवी होते, अक्षर आहे पण जागा चुकली असेल तर पिवळी, आणि अक्षरच नसेल तर करडी. हळदीच्या जिल्ह्यात पिवळ्या रंगाला एरवी केवढा मान. येथे मात्र त्याचा अर्थ काम अर्धवट झाले एवढाच होतो. हा खेळ दिवसाला एकच शब्द देतो आणि पंचाक्षरी गृहस्थाची भूक तेवढ्याने भागत नसल्यामुळे तो आडत्याकडून मिळालेल्या हळदीच्या पट्टीची मागची कोरी बाजू वर करून, पाच आडव्या आणि सहा उभ्या चौकटी आखून, चहा येईपर्यंत शेजाऱ्याला शब्द घालतो. पट्टीच्या पुढच्या बाजूला क्विंटलचा भाव, हमाली आणि तोलाई लिहिलेली असते, पण ती वाचण्याइतकी उसंत त्याला नसते.

त्याची खरी विद्या दिसते ती शेवटची चार अक्षरे आय, जी, एच, टी अशी निघतात तेव्हा. सामान्य खेळाडू येथे हरखतो आणि फसतो, कारण लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट आणि एट हे आठही शब्द त्या साच्यात बसतात आणि प्रयत्न तर सहाच. पंचाक्षरी गृहस्थ एक प्रयत्न जाणूनबुजून वाया घालवतो: तो ‘फ्लेम’ लिहितो, ज्याच्यामुळे एफ, एल, एम आणि ई या चार आद्याक्षरांचा निकाल एका दमात लागतो, त्यांतले एकही नसेल तर तो ‘स्नॉर्ट’ लिहून एस, एन आणि आर तपासतो, आणि तेही नसतील तर उरलेला ‘टाइट’ न विचारताच मांडतो. स्नॉर्ट म्हणजे काय, असे विचारल्यास तो नाराज होतो. त्याच्याच गोठ्यातली म्हैस दिवसातून अनेकदा नाकाने फुर्रर्र करून त्या शब्दाचा अर्थ समजावत असते, परंतु अर्थाची चौकशी करणे त्याला शब्दाच्या खासगी बाबीत नाक खुपसण्यासारखे वाटते.

या अलिप्ततेचा दोष त्याचा एकट्याचा नव्हे. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटले, आणि भेटले तेही बहुधा स्पेलिंगच्या रूपाने, म्हणजे रोज दहा शब्द पाठ करून दुसऱ्या दिवशी चुकेल त्या शब्दाला एक छडी या हिशेबाने. इंग्रजीत कोणी बोलावे अशी अपेक्षा गुरुजींचीही नव्हती, शिष्याचीही नव्हती. परिणामी त्याच्या डोक्यात शब्दांचा साठा अफाट झाला, मात्र त्यातून एक वाक्य करायची वेळ आली की त्याला घाम फुटतो.

या छडीमुळेच तो अमेरिकनांवर डूख धरून आहे. ‘कलर’च्या स्पेलिंगातला यू गाळल्याबद्दल ज्याने हातावर वळ सोसले, त्याने अमेरिकी वळणाच्या या खेळात तोच शब्द यू वगळून पाच अक्षरांत बिनबोभाट मान्य झालेला पाहावा, यासारखा अन्याय नाही. दुसरी तक्रार स्थानिक आहे. हिंगोलीची इंग्रजी अक्षरे सात, औंढ्याची सहा, वसमतचीही सहा. नेमकी पाच भरतात ती संत नामदेवांच्या नर्सीची, आणि विशेषनामे चालत नाहीत या नियमापायी नेमकी तीच बाद होतात. गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे विश्वातल्या प्रचंड घडामोडींनी अवकाशात उठणाऱ्या अतिसूक्ष्म कंपनांच्या, वेधासाठी औंढा तालुक्यात उभ्या राहणाऱ्या लायगो प्रकल्पाला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा जिल्हाभर आनंद झाला. पंचाक्षरी गृहस्थाने अक्षरे मोजली, चारच भरली, आणि विषय सोडून दिला.

तथापि समाजाला त्याचा उपयोग नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. शिष्यवृत्ती परीक्षेतला बुद्धिमत्ता चाचणीचा विषय, ज्यात अक्षरांची उलटापालट करून शब्द जुळवायचे असतात, तो गल्लीतल्या पोरांकडून फुकट घोटून घेतो. आधारवर एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि टी. सी.वर तिसरे, अशा त्रांगड्यात सापडलेला शेतकरीही त्याच्याचकडे येतो, आणि विठ्ठलमध्ये टी किती व एच कुठे यावर तो अर्धा तास देतो.

अडचण होते ती बारशाला. तेथे आमंत्रण असो वा नसो, नावाची इंग्रजी अक्षरे तो बोटांवर मोजतोच. आरव हे नाव ठरल्याचे कळताच तो आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगतो की पाच अक्षरे भरतात हे खरे, पण त्यांतले तीन ए आहेत, म्हणजे दोन चौकटी फुकट गेल्या, त्यापेक्षा रोहित ठेवावे, एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. आत्याबाई “बरं, बघू” म्हणतात, पाळण्यापाशी जाऊन बाळाच्या कानात आरवच सांगतात, आणि तो घुगऱ्यांची दुसरी वाटी मागून घेतो.