एम.ए. (अर्थशास्त्र), मुक्काम उंद्री

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत अर्थशास्त्राचा पदवीधर ओळखायचा कसा? सोयाबीनचा भाव पडला की बाकीचे शिव्या देतात, हा कारणं देतो. नुकसान सारखंच; फक्त याच्या नुकसानीला संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची मान्यता असते.

वर्गात त्याला 'पूर्ण स्पर्धा' शिकवतात. असंख्य विक्रेते, असंख्य ग्राहक, सर्वांना सगळी माहिती, भावावर एकट्याचा ताबा नाही. मग तो बापासोबत बाजार समितीत जातो. विक्रेते खरोखरच असंख्य. ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर. घेणारे मोजके, तेही एकाच टपरीवर चहा पिऊन हर्रासाला आलेले. त्यातला एक मूठभर दाणे उचलतो, एक दाताखाली फोडतो, 'ओल हाय' म्हणतो आणि भाव तिथल्या तिथे उतरतो. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. पण त्यासाठी ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, नोंदणी हवी, बारदाना हवा आणि मुख्य म्हणजे केंद्र सुरू हवं. पुस्तकात याला 'इतर परिस्थिती कायम असताना' म्हणतात.

पदवीनंतर वाटा मात्र पुष्कळ. एक पुण्याच्या सदाशिव पेठेत जाते: अभ्यासिकेतली खुर्ची, मेसचा डबा आणि महिन्याच्या महिन्याला गावाकडून येणारे तुरीचे पैसे. (ग्रामीण भांडवल शहराकडे कसं वाहतं, याचं प्रात्यक्षिक.) दुसरी वाट नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर प्राध्यापक व्हायची. तिथे तो पोरांना 'प्रच्छन्न बेकारी' शिकवतो. उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही, तो स्वतःच फळ्यासमोर उभा असतो.

यात खचण्यासारखं काही नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख केंब्रिजात वनस्पतिशास्त्र शिकले आणि 1943 साली देशाचा पैसा सांभाळायला बसले. उंद्रीचं पोरगं अर्थशास्त्र शिकून वनस्पती सांभाळतं. ताळेबंद जुळला.

जिल्ह्यात त्याला खरी टक्कर आहे ती भेंडवळची. अक्षय्य तृतीयेला तिथं घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे धान्य कुठं सरकलं, करंजी जागेवर आहे का, हे पाहून पीक-पाण्यापासून देशाच्या तिजोरीपर्यंत सगळं सांगून मोकळे होतात. अर्थतज्ज्ञांना दर तिमाहीला 'सुधारित अंदाज' काढता येतो. भेंडवळला बिचाऱ्यांना वर्षातून एकदाच चुकता येतं.

परवा असाच एक एम.ए. बापाला म्हणाला, "बाबा, पीएच.डी. करतो."

"इषय कोनता?"

"सोयाबीनच्या भावातील चढउतार."

"कर ना बापू. फक्त आपला माल इकाच्या आंधी पुरी कर."