‘जवळजवळ नवी’ या अवस्थेची मीमांसा

व्यवहारात वस्तूच्या नवी आणि जुनी अशा दोनच अवस्था मान्य आहेत. ‘जवळजवळ नवी’ ही तिसरी अवस्था केवळ विकणाऱ्याच्या मनात वास करते, आणि घेणाऱ्याच्या गळी ती उतरावी म्हणून ‘सिंगल ओनर’, ‘शोरूम कंडिशन’, ‘लेडी ड्रिव्हन’ अशी बिरुदे तिच्यामागे लावावी लागतात. शंकराचार्यांचे समाधिमंदिर, तलाव, होली क्रॉस चर्च आणि वाड्यांमधून वळणे घेत जाणारे रस्ते एवढा ऐवज असलेले निर्मळ हे गाव या अवस्थेच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे, कारण सव्वाचार मीटरांहून लांब गाडी येथे प्रवासापेक्षा प्रतिष्ठेसाठी घेतली जाते आणि समोरून एसटी आली की ती प्रतिष्ठा मुकाट्याने मागे घ्यावी लागते. त्यातही गाडी हायब्रिड असेल, तर तिच्या मालकाला प्रतिष्ठेबरोबर पर्यावरणाचे पुण्यही लाभते. पाणी, विहिरी आणि बागायत वाचवण्यासाठी ज्या वसईने एकेकाळी आंदोलने केली, त्या वसईत आता डिकीवरचा एक चकचकीत बिल्ला त्याच पुण्याची पावती म्हणून पुरतो, ही सोय दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांना एकाच संसारात नांदवणारी गाडी म्हणजे हायब्रिड. तिच्या मुख्य जाती दोन: ‘माइल्ड’ जातीत मोटर इंजिनाला हातभार लावते, पण एकटीने गाडी ओढत नाही, ‘स्ट्राँग’ जातीत कमी वेगाला इंजिन गप्प राहून मोटर गाडी चालवते, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत साठते, म्हणून तिला भिंतीवरच्या प्लगची गरज पडत नाही. मारुतीने २०१५ साली सियाझ गाडीत माइल्ड तंत्र ‘स्मार्ट हायब्रिड’ या नावाने आणले आणि त्या जातीला मिळणारे केंद्राचे अनुदान एप्रिल २०१७ पासून बंद झाले, तरी नाव मात्र टिकले. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात माइल्डचा मालक स्ट्राँगचा भाव सांगतो आणि स्ट्राँगच्या मालकाला चार्जिंगला किती तास लागतात याचे उत्तर द्यावे लागते. चार्जिंग करावेच लागत नाही असे सांगितल्यास घेणाऱ्याचा चेहरा खुलण्याऐवजी पडतो. ज्या बॅटरीला काही खायला घालावे लागत नाही, ती एक दिवस सगळे एकदम वसूल करणार, अशी त्याची खात्री असते. टोयोटा आपल्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर हमी देते, ही माहिती त्या वेळी छापील पुस्तिकेसह समोर ठेवणे हे विक्रेत्याचे पहिले कर्तव्य होय, कारण ‘बॅटरी गेली तर?’ या तीन शब्दांइतकी किंमत दुसरा कोणताही ओरखडा उतरवत नाही.

आता हिशेब. गाडीची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे जीएसटी धरून पण नोंदणी आणि विमा वगळून होणारी किंमत, १८ लाख रुपये मानली, तर मोठ्या हायब्रिड गाडीवरील सध्याच्या ४० टक्के दराने त्यातले सुमारे ५ लाख १४ हजार रुपये जीएसटीचेच असतात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के एकरकमी मोटार वाहन कर पडतो. विजेच्या गाड्यांसाठी शासनाने सवलती दिल्या, पण हायब्रिडकडे पाहताना परिवहन खात्याला फक्त तिची पेट्रोलची टाकी दिसते, म्हणून आणखी २ लाख १६ हजार रुपये भरावे लागतात. एकूण ७ लाख ३० हजार रुपये सरकारला आणि उरलेली गाडी मालकाला, अशी ही भागीदारी आहे; विकताना मात्र दुसरा भागीदार बैठकीला येत नाही. घेणारा बोलणीला बसतो तेव्हा तो विमापत्रातली ‘आयडीव्ही’ काढतो, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम. प्रचलित कोष्टकानुसार ती पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी, वर्ष पुरे होईपर्यंत १५ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षात २० टक्क्यांनी घटलेली धरतात. म्हणजे शोरूमच्या दारात हार घालून, लिंबू चिरडून, पेढे वाटून निघालेली गाडी सोपारा ओलांडून निर्मळच्या तलावाशी पोहोचण्याआधीच आयडीव्हीतले ९० हजार आणि भरलेल्या कराचे सव्वादोन लाख यांना मुकलेली असते. इंधनाच्या बचतीतून हे भरून निघेल असे मानणाऱ्यांनी एवढेच पाहावे की लिटरला १६ ऐवजी २२ किलोमीटर मिळाले आणि पेट्रोल १०४ रुपयांनी घेतले, तर १०,००० किलोमीटरमागे साधारण १७,७०० रुपये वाचतात. या वेगाने वर्षाला तेवढेच अंतर कापल्यास नुसता मोटार वाहन कर भरून निघायला बारा वर्षे लागतील, आणि येथे तर गाडी पहिल्याच वर्षी विकायची आहे. (वय वाढल्याने भाव वाढणारी वस्तू वसईकरांना अपरिचित नाही: राजेळी केळे सोलून उन्हात वाळवले की त्याचे सुकेळे होते आणि ताज्यापेक्षा महाग विकले जाते. मोटार उन्हात ठेवली की फक्त रंग उडतो.)

गाडी किलोमीटरांनी म्हातारी होत नाही, कागदाने होते, हे मुहूर्ताच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. जीएसटी कमी करण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२५ रोजी झाली, परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला आला आणि नवे दर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के भार होता, तो ४० झाला. ज्याने २७ ऑगस्टला गणेश चतुर्थीचा मुहूर्त साधून १८ लाखांची हायब्रिड दारात आणली, त्याच्या गाडीसारखीच कोरी गाडी महिन्याभराने करकपातीपुरती सुमारे ३८ हजारांनी स्वस्त झाली, म्हणजे विघ्नहर्त्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या गाडीचे विघ्न देवीच्या मुहूर्तावर प्रकट झाले. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा तेथील जुन्या मालकांना झालेला आनंदही याच जातीचा असणार: कालपर्यंत कर भरून घेतलेली गाडी आज करमुक्त नव्या गाडीशी स्पर्धा करू लागली.

या शास्त्रातला अभिजात दाखला मात्र होंडाच्या सिव्हिक हायब्रिडचा आहे. २००८ साली ती साडेएकवीस लाखांच्या आसपास भारतात आली आणि त्याच वर्षअखेरीस कंपनीने तिची किंमत सुमारे आठ लाखांनी उतरवली. ज्यांनी आधी घेतली, त्यांना गाडी न चालवताही घसारा म्हणजे काय हे समजले. याच्या नेमका उलटा दाखला इनोव्हा हायक्रॉसचा. मागणी इतकी वाढली की टोयोटाने एप्रिल २०२३ मध्ये वरच्या श्रेणींची नोंदणीच थांबवली, आणि ज्याच्या दारात ती आधीच उभी होती त्याला जुन्या गाडीसाठी नवीच्या तोडीचा भाव सांगता आला. तेव्हा जवळजवळ नवी हायब्रिड तोटा न सोसता विकण्याचा शास्त्रशुद्ध उपाय एकच उरतो: शोरूममध्ये प्रतीक्षायादी लांबलचक असताना विकावी. यादी आखूड झाली की ‘शोरूम कंडिशन’ची गाडी घेण्यापेक्षा थेट शोरूममधलीच का घेऊ नये, हा घेणाऱ्याचा प्रश्न निरुत्तर करणारा असतो.

निर्मळ परिसरात आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो पाण्याचा. जुलै २०१८ च्या पुराची आठवण वसई-विरारमध्ये अजून ताजी असल्याने येथला घेणारा इंजिनाकडे नंतर पाहतो. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का हे तपासतो, डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवतो, आणि मग बोटाचा वास घेतो. हायब्रिडमध्ये ही तपासणी अनाठायी नाही, कारण बॅटरी पुष्कळदा मागच्या आसनाच्या किंवा डिकीच्या तळाशी असते आणि तिला थंड ठेवणारी हवा आसनाजवळच्या एका जाळीतून खेचली जाते. ती जाळी नेमकी मुलांच्या वेफर्सच्या पिशव्यांनी किंवा बाजाराच्या थैलीने झाकलेली आढळते, आणि पर्यावरणप्रेमी मालकाला ती कशासाठी आहे हे त्याच वेळी प्रथम कळते.

विक्रीच्या दोन वाटा आहेत. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे दिल्यास पैसे लवकर मिळतात, पण त्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो आणि त्याची तजवीज तो खरेदीच्या भावातच करून ठेवतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत हा दर सर्व जुन्या गाड्यांना एकसारखा झाला, तेव्हा घरगुती विक्रेतेही घाबरले होते, वास्तविक खासगी व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकल्यास हा कर लागत नाही. थेट विकल्यास भाव बरा येतो, मात्र ‘फायनल किती?’ हा प्रश्न गाडी न पाहिलेल्या माणसांकडून ऐकण्याची तयारी हवी. डिसेंबरात नोंदलेली गाडी जानेवारीत एक वर्ष जुनी म्हणवली जाते, आणि सीट कव्हर, अलॉय, मोठी स्क्रीन यांवर ओतलेला पैसा घेणारा मोजत नाही, हे दोन्ही विक्रेत्यांना ठाऊक असते, तरी ते दर वेळी नव्याने उमगते. विम्यातला नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो, तो राखून ठेवण्याचे पत्र विमा कंपनीकडून घेतल्यास पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत लावता येतो. संपूर्ण व्यवहारात विकणाऱ्याकडे उरणारी ही बहुधा एकमेव वस्तू होय.

राहता राहिले कागद. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो, नमुना २९ आणि ३० वर सह्या कराव्या लागतात, आणि एकाच राज्यातल्या व्यवहाराची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. पैसे मोजून झाल्यावर हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून घेणारा ‘नावावर करून घेतो’ म्हणतो आणि विकणारा हो म्हणतो. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अशा रीतीने काही लाखांचा तोटा सोसून गाडीपासून मुक्त झालेल्या माणसाचे मालकपण शाबूत राहते, फास्टॅग बंद करायचे विसरल्यामुळे खानिवडे नाक्यावरचा टोल त्याच्या खात्यातून कापला जातो, आणि सिग्नल तोडल्याचे चलन छायाचित्रासह त्याच्याच मोबाइलवर येते, ज्यात डिकीवरचा हायब्रिडचा बिल्ला स्वच्छ वाचता येतो.