फाशी गेलेले मूळपुरुष

पूर्वजांच्या शोधाला निघणाऱ्या माणसाने पूर्वज कसा असावा हे आधीच ठरवलेलं असतं. आपल्याकडे तो पेशव्यांच्या पदरी असतो. अमेरिकेत तो १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून उतरतो. लेकीच्या लग्नामुळे बोस्टनजवळचे जे व्याही आम्हांला लाभले, ते निवृत्त झाल्यापासून याच जहाजाच्या मागे आहेत. जहाजात प्रवासी १०२, त्यांतले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. उरलेल्यांपैकी एकाचे आपण वंशज, असं त्यांची आजी सांगायची. पुरावा एवढाच, की आजीला कोणी उलट विचारत नसे.

व्याह्यांचा डोळा जॉन हाउलंडवर होता. हा तरुण भर वादळात समुद्रात पडला, दोर धरून वाचला आणि पुढे दहा मुलांचा बाप झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश त्याच्याच वंशातले. असा पूर्वज कोणाला नको? पण मेफ्लॉवरच्या वंशजांची १८९७ सालची संस्था आजीच्या शब्दावर भागवून घेत नाही. पिढी न् पिढी कागदाने सिद्ध करावी लागते.

आम्ही तिकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती आणि व्याह्यांचा चेहरा पडला होता. एका पूर्वजाचं लग्न एप्रिल १६९० मधलं आणि पहिलं मूल जानेवारी १६९० चं! तेही कडक प्युरिटन घराण्यात. विहीणबाई विषय बदलू पाहत होत्या. आमच्या हिने कागद निरखला आणि मला विचारलं, “अहो, यांचं वर्ष तेव्हा पाडव्याच्या सुमाराला तर बदलत नव्हतं ना?” नेमकं तसंच होतं. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे तो जानेवारी त्या एप्रिलनंतरचाच. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची अब्रू वाचली आणि हिला त्या घरात वंशावळीची तज्ज्ञ म्हणून मान मिळाला.

अब्रू वाचली ती थोडक्या दिवसांसाठी. कागद मागे मागे जात हाउलंडच्या दारात न थांबता जॉन बिलिंग्टनच्या दारात जाऊन थांबले. गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनी प्लिमथ वसाहतीचा इतिहास लिहिला, त्यात या घराबद्दल बरा शब्द नाही. मुलगा फ्रान्सिस याने जहाजातच, दारूच्या पिंपाशेजारी बंदूक उडवली. मेफ्लॉवर थोडक्यात बचावलं. पुढे झाडावर चढून त्याने एक तळं पाहिलं आणि समुद्र सापडल्याची बातमी आणली. ते तळं नकाशावर आजही बिलिंग्टनचा समुद्र म्हणूनच आहे. दुसरा मुलगा रानात हरवला, त्याला आणायला होडी पाठवावी लागली. वडिलांनी एकाला गोळी घातली आणि १६३० साली ते फाशी गेले. आईने १६३६ मध्ये एका प्रतिष्ठिताची बदनामी केली; शिक्षा म्हणून दंड, खोडा आणि फटके. आणि वंश चालला तो फक्त फ्रान्सिसचा.

व्याही काही दिवस कोणाशी बोलत नव्हते. मग त्यांना कळलं, की राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड हेही बिलिंग्टनचेच वंशज. आता फाशीची गोष्ट ते पाहुण्यांना कोट काढायच्या आत सांगतात.

ती कागदपत्रं चाळताना माझ्या एक लक्षात आलं. जो शेजाऱ्यांशी गोडीने राहिला, देणी वेळेवर फेडून मेला, त्याच्या वाट्याला जन्म आणि मृत्यू अशा दोन ओळी. ज्याने भांडणं केली, त्याच्यासाठी कोर्टाच्या कारकुनाने पानंच्या पानं भरली. आमच्या कुलवृत्तांतात सगळेच सुशील, परोपकारी आणि ईश्वरभक्त. त्यामुळे एकाचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

पुढच्या पिढ्यांचे असे हाल होऊ नयेत म्हणून परत आल्यापासून मी सोसायटीच्या प्रत्येक सभेत पार्किंगवरून कडाडून भांडतो. इतिवृत्तात नाव येतं.