हाँगकाँगवाले मामा

इगतपुरीत मामांना सिनेमाची गोष्ट सांगायला सहसा कुणी धजत नाही. सांगणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामा चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, "हे हाँगकाँगवाल्यांनी कधीच करून ठेवलंय!"

टपरीवरची पोरं मुद्दाम काडी लावतात. "मामा, रजनीकांतचा रोबो काय भारी होता!"

"कितीचा? २०१०? 'आय लव्ह मारिया', १९८८. सॅली येह. बाईही तीच, तिच्या तोंडवळ्याचा रोबोही तीच. तुमचा टोनी लेउंगही आहे त्यात." टोनी लेउंग 'आमचा' कधी झाला, हे विचारायची कुणाची टाप नसते.

मामांचं सारं आयुष्य बँकर इंजिनावर गेलं. कसाऱ्याहून सदतीस फुटांना एक फूट चढणाऱ्या घाटात गाडीला मागून रेटायचं, इगतपुरीला सुटायचं, पुन्हा खाली जायचं. मागच्या इंजिनाला पुढचं कधी दिसत नाही. पुढे गेलेल्या कुणाचंही कौतुक त्यांना सोसत नाही, ते त्यामुळेच असावं.

विज्ञानाच्या नावाखाली वाटेल तो धुडगूस घालणारे कँटोनीज विनोदपट ही त्यांची खास जहागीर. वाँग जिंगचा 'फ्यूचर कॉप्स' (१९९३) हा मुकुटमणी. भविष्यातले पोलीस मागच्या काळात येऊन शाळेत शिरतात, आणि पात्रं सरळ 'स्ट्रीट फायटर' या व्हिडिओ गेमवरून उचललेली. "हक्क न घेता?" असं एका वकिलानं विचारलं, तेव्हा मामा कळवळून म्हणाले, "हक्क घेऊन काय सिनेमा होतो होय?" 'झपाटलेला'चं नाव काढलं की मात्र ते कडक होतात. बाहुल्यात मंत्रानं जीव घालणं म्हणजे भुताटकी. तारा जोडून घातला तर शास्त्र.

त्यांना गप्प केलं ते एका मास्तरांनी. "दोन भूमिकांचं काय घेऊन बसलात? आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंक्यांकडून राम आणि सीता दोन्ही करून घेतले." मामांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "असेल. पण त्यात कुणी रोबो नव्हतं." मामींनी एकदा धम्मगिरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौनात जाऊन या, असं सुचवलं होतं. दहा दिवस विश्रांती कुणाला मिळणार, हे मामांनी बरोबर ओळखलं आणि बेत हाणून पाडला.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटातली किती मिनिटं वाचली, याचा हिशेब सगळं गाव करत होतं. मामा मात्र मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला बजावत होते, "पलीकडे निघालास की आधी माणसं दिसतात का बघ." कारण फ्रूट चॅनचा 'द मिडनाइट आफ्टर', २०१४. मोंगकोकहून तायपोला निघालेली लाल मिनीबस बोगद्यातून बाहेर पडते तर अख्खं हाँगकाँग रिकामं. उरली ती बसमधली, ड्रायव्हर धरून सतरा माणसं.

"सतराच?" काळी-पिवळीवाला म्हणाला. "एवढी घोटीच्या एका फेरीला होतात. आणि पलीकडे ट्रॅफिकच नसेल तर बरंच की!"

सगळे हसले. किराणावाल्याच्या पोरानं मात्र रात्री मोबाइलवर तो सिनेमा शोधून काढला, शेवटपर्यंत पाहिला आणि सकाळी धावतच टपरीवर आला. "मामा, माणसं गेली कुठं ते सांगतच नाहीत हो शेवटी! पण काय पिक्चर आहे! आता सगळ्यांना दाखवतो."

मामांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलेला सिनेमा खरोखर कुणी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावरून हळूच नाकावर घेतला.

"तो जरा बाजारूच आहे रे," ते म्हणाले. "फिलिपिन्सचं काही पाहिलंयस का?"