फोडणीबंदीच्या काकू

जिंतूरच्या कुठल्याही गल्लीत एखादी सून सकाळी तोंडाला पदर लावून न्हाणीकडे धावली, की आशाताईंच्या वहीत तिचं नाव चढायच्या आत काकू त्या घराच्या उंबऱ्यावर हजर असतात. कोण बोलावतं ते कुणालाच माहीत नसतं. काकू नात्याने कुणाच्या कोण लागतात हेही कुणी नीट सांगू शकत नाही. हातात कापडी पिशवी असते. पिशवीत साळीच्या लाह्या, सुंठ, आवळासुपारी, दोन लिंबं, खडीसाखर आणि चष्म्याचं रिकामं घर. चष्मा डोक्यावर असतो, पण तो काकूंना लागत नाही. पोटुशी बाई त्यांना पाठमोरी असली तरी ओळखू येते.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नाडी नाही, जीभ नाही, पाळीची तारीखही नाही. "तुझ्या आईला किती झाल्या होत्या गं उलट्या?"

सून म्हणते, "माहीत नाही."

"आत्ता लाव फोन."

फोन लागतो, तिकडून विहीणबाई सविस्तर सांगतात, आणि काकू मान डोलावतात. आईला कडक गेलं असेल तर लेकीलाही कडक जातं, हे त्यांचं मत. हे ऐकून हसणारे जावई मी पाहिलेत. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, अमेरिकेत मार्लेना फेझो नावाच्या बाईंनी हाच धागा धरून पुढची कित्येक वर्षं घालवली. 1999 साली गरोदरपणात त्यांना स्वतःला इतक्या उलट्या झाल्या की मूल गेलं, आणि त्यांचं दुखणं डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये त्यांचं आणि केंब्रिजच्या संशोधकांचं म्हणणं 'नेचर'मध्ये छापून आलं. वारेतून जीडीएफ-15 नावाचा एक संप्रेरक आईच्या रक्तात येतो, आणि जिच्या अंगात तो आधीपासून कमी असतो तिला तो जास्त बाधतो. हे कमी-जास्त असणं काही अंशी रक्तातूनच, म्हणजे माहेरून येतं. काकूंना हे कुणी सांगितलं तर त्या म्हणतील, "मग? मी काय येगळं सांगत होते?"

दुसरा प्रश्न याहून अवघड. तो त्या ओसरीवर, सासऱ्यांच्या समोर, खड्या आवाजात विचारतात. "लघवी होते का गं नीट? रंग कसा आहे?" सासरे ताबडतोब पेपर उघडतात. बऱ्याचदा तो उलटा असतो. पण याही बाबतीत काकूंशी भांडता येत नाही. दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा टिकेना, लघवी कमी आणि गडद झाली, वजन उतरायला लागलं, तर लाह्याबिह्या गुंडाळून सरकारी दवाखान्यात सलाईन लावायला न्यायचं, हा नियम त्या स्वतःच्या पिशवीच्या विरोधातही पाळतात.

एरवी गल्लीत उपायांचा तुटवडा नसतो. शेजारीण आलेपाक देते, चुलतसासू चिंचेचं बुटुक देते, कुणी उठल्याबरोबर कोरडे मुरमुरे खा म्हणतं, कुणी काहीच खाऊ नको म्हणतं. नवरा मोटारसायकलवर बसस्टँडपर्यंत जाऊन कैरी शोधून आणतो, तोवर कैरीचं नावसुद्धा सहन होईनासं झालेलं असतं. मग ती कैरी तोच मीठ लावून खातो. काकू यातलं बहुतेक सगळं चालवून घेतात. "जे पोटात राहील ते अन्न," एवढंच त्यांचं आहारशास्त्र. फक्त भाजक्या मातीचा खडा दिसला की त्या हातातून काढून घेतात. एकदा एका शिकलेल्या दिराने सांगून पाहिलं की कालिदासाच्या 'रघुवंशा'त सुदक्षिणा राणीसुद्धा गरोदरपणी माती खात होती. काकू म्हणाल्या, "राणीला जंत झाले नसतील कशावरून? कवी काय सगळं लिहितो व्हय!"

मात्र काकूंचं खरं कर्तृत्व स्वयंपाकघरात. करडईच्या तेलात लसूण पडला, वर येसर पडला, की माजघरात बसलेल्या सुनेच्या पोटात ढवळायला लागतं. हे तिने स्वतः सांगितलं तर त्याला नखरे म्हणतात. नवऱ्याने सांगितलं तर तो बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरतो. काकू चुलीपाशी उभ्या राहून जाहीर करतात, "आजपासून या घरात फोडणी बंद." आणि ती बंद होते.

सासूबाई एकदा तरी प्रयत्न करतात. "आमच्या येळेला नव्हतं बाई हे असलं. वकाऱ्या येत होत्या तरी रानात निंदायला जात होतो आम्ही."

"तू?" काकू शांतपणे म्हणतात. "तू दुपारची माह्या ओट्यावर येऊन पडत होतीस. निंदायला तुझी जाऊ जायची."

यानंतर पुढचे दीड-दोन महिने ते घर बिनफोडणीचं वरण, भाकरी आणि दही यांवर जगतं. सासरे तब्येतीने उतरतात. सून मात्र थोडं थोडं, दर दोन तासांनी काहीतरी खाऊ लागते, दुपारी झोपते, आणि तिला कुणी उठवत नाही.

डॉक्टरांशी काकूंचं जमतं आणि जमतही नाही. गोळी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी अगदी निराधार म्हणता येणार नाही. 1957 साली जर्मनीत निघालेली थॅलिडोमाइड याच मळमळीवर दिली गेली, आणि हातपाय अर्धवट असलेली हजारो लेकरं जन्मल्यावर 1961 मध्ये मागे घ्यावी लागली. पण डॉक्टर आज चिठ्ठीवर लिहितात ती डॉक्सिलामाइन आणि बी-6 ची गोळी निराळी. तिचा वापर 1956 पासूनचा, आणि पोटातल्या बाळाच्या बाबतीत इतकी तपासलेली औषधं फार नाहीत. काकूंनी त्यावर तोड काढली आहे. गोळी घ्यायची, पण सुंठेच्या पाण्याबरोबर. उतार पडला तर सुंठेचा गुण, नाही पडला तर गोळीच खोटी.

उतार तर पडतोच. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू झालेलं हे प्रकरण नवव्याच्या आसपास कळस गाठतं, आणि बहुतेकींचं चौथा महिना सरेपर्यंत आपोआप निवळतं. ज्या आठवड्यात निवळतं, त्या आठवड्यात घरी जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळतं. एका घरी लाह्यांना मिळालं, दुसरीकडे पलंगाची दिशा बदलण्याला. दोन्ही ठिकाणी हार काकूंच्याच गळ्यात.

जिंतूरला रेल्वे नाही, त्यामुळे काकूंचा मुलूख पूर्वी गावापुरता होता. मार्च 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि तो परभणीपर्यंत वाढला. परवा त्या मधल्या दारापाशी बसल्या होत्या. पुढच्या सीटवर एक पोरगी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून, डोळे मिटून, ओढणी नाकाशी धरून बसलेली. काकू हळूच सरकून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पिशवी उघडली.

"कितवा गं? तुझ्या आईला किती झाल्या होत्या?"

पोरीने डोळे उघडले. "मला गाडी लागते, काकू. लग्न व्हायचंय माझं."

आजूबाजूच्या दोन सीटा हसल्या. काकूंनी तिच्या ओंजळीत लाह्या ओतल्या.

"तर काय झालं? घे. याला बी चालतात."